उचकी थांबेना, पाय उचलेना, हा लकवाच आहे का?

प्रश्न: डॉक्टरसाहेब नमस्कार, मी माजलगाव तालुक्यातून लिहितोय. दिवाळीनंतर माझ्या मिसेसला (वय 33) उचकी आणि उलटी लागली ती थांबेचना, ॲसिडिटी म्हणून ॲडमिट केलं, दुर्बीण टाकून बघितली, काहीच निघालं नाही. मग एकदम कमरेखाली बधिर झालं, लघवी अडकली, गावात सगळे म्हणाले लकवा आहे, झाडपाला द्या. संभाजीनगरला एमआरआय केला तर मज्जारज्जूत लांब सूज निघाली आणि रक्तात एनएमओ (न्यूरोमायलायटिस ऑप्टिका) पॉझिटिव्ह. पाच दिवस सलाईनमधून स्टिरॉइड दिलं, आता धरून धरून चालते. पण गोळ्यांनी तोंड सुजलंय, पाहुणे म्हणतात बरी झाली ना, मग बंद करा. उन्हात रानात गेली की पाय परत जड पडतात. हे लेकरांना पण होईल का?

उत्तर: भाऊ, आधी गोळ्या चालू ठेवा, बाकीचं निवांत वाचा.

आपण ज्याला लकवा म्हणतो त्यात मेंदूची रक्तवाहिनी तुंबते नाहीतर फुटते. इथं तसं काही नाही, एनएमओत शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ॲक्वापोरिन-4 नावाच्या प्रोटीनवर तुटून पडते, आणि हे प्रोटीन डोळ्याच्या नसेत, मज्जारज्जूत आणि मेंदूच्या बुडाशी जिथून उलटी सुरू होते त्या भागात भरपूर असतं, म्हणून ती उचकी! पोटाचा संबंधच नव्हता. रक्तात निघालेल्या, या प्रोटीनवर हल्ला करणाऱ्या अँटीबॉडीचा शोध लागला 2004 साली, तोवर असे बरेच पेशंट एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचाच दुसरा आजार) म्हणूनच धरले जायचे, आणि एमएसचं इंटरफेरॉन हे औषध यात दिलं तर आजार उलट भडकू शकतो. म्हणून तो रक्ताचा रिपोर्ट फाइलमध्ये सगळ्यात वर ठेवा आणि जाल त्या डॉक्टरला आधी तोच दाखवा.

आता पाहुण्यांचं. या आजारात अपंगत्व येतं ते अटॅकमुळं, म्हणजे आजार एकदम उसळतो त्यामुळं. आत्ता पाय सुधारले, पण पुढचा अटॅक डोळ्यावर आला तर गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही. त्यामुळं औषध चाललंय ते झालेल्या अटॅकसाठी नाही, न झालेल्यासाठी चाललंय. स्टिरॉइड असं एकदम तोडलं तर बीपी पडून पेशंट गंभीर होऊ शकतो, ते हळूहळूच उतरवायचं, तोवर अझाथायोप्रिनसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी अंगी लागते, तिला काही महिने जातात. नाहीतर रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन, साधारण दर सहा महिन्यांनी, त्याआधी कावीळ बी आणि टीबीची तपासणी करून घ्यायची. भारतीय कंपन्यांचं मिळतं, मूळ ब्रँडपेक्षा स्वस्त पडतं, तरी खर्च आहेच, तेव्हा योजनेत काही बसतंय का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. तोंडाची सूज डोस कमी झाला की उतरते. शुगर, बीपी बघत राहा.

उन्हाचं म्हणाल तर आपल्याकडं मे महिन्यात धडधाकट माणूस गळून जातो, हिची तर नस आधीच दुखावलेली, अंग तापलं की तिच्यातून संदेश नीट जात नाही. सावलीत बसून, गार पाण्यानं अंग पुसून कमी झालं तर तो नवा अटॅक नाही. पण ताप नाही, जंतुसंसर्ग नाही आणि तरी त्रास 24 तासांच्या वर टिकला, किंवा डोळा दुखून अंधुक दिसायला लागलं, किंवा उचकी परत सुरू झाली, तर त्याच दिवशी गाडी करा, सोमवारच्या ओपीडीची वाट बघू नका.

लेकरांना होण्याची शक्यता फारच कमी, आणि संसर्गजन्य तर नाहीच. अजून मूल हवं असेल तर मात्र आधी बोलायला या, काही औषधं बदलावी लागतात आणि बाळंतपणानंतरचे महिने सांभाळावे लागतात.

प्रश्न: वडील 64 वर्षांचे, जुना बीपी, शुगर. डोकं दुखतं म्हणून एमआरआय काढला, त्यात पांढरे ठिपके आलेत. एमएस असेल का? – एक वाचक, उदगीर

उत्तर: या वयात, बीपी-शुगर असताना असे ठिपके बहुतेक बारीक रक्तवाहिन्यांचे असतात. नुसत्या रिपोर्टवरून एमएस ठरत नाही. फिल्म घेऊन न्यूरोलॉजिस्टला एकदा दाखवा, आणि बीपीची गोळी रोज घेतात का ते जरा खरं विचारा.