तिकडे गेल्यावर बघू : परदेशी निघालेल्या वाचकांचे प्रश्न

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत एक वाक्य हमखास असते, ‘बाकीचे तिकडे गेल्यावर बघू.’ या वेळच्या पाचही पत्रांत ते कुठे उघडपणे तर कुठे आडून आलेले आहे. पुण्यात अर्ध्या दिवसात उरकणारे काम परदेशात पोहोचल्यावर महिनाभर पाठ सोडत नाही, हे मी स्वतः भोगलेले असल्याने माझी उत्तरे निघण्याआधीच्या तयारीकडे झुकलेली आहेत, हे आधीच सांगून ठेवते.

प्रश्न : मुलाला स्टुटगार्टला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीकच रक्कम काढू देणाऱ्या जर्मन खात्यात) पैसे भरले, व्हिसाही आला. वसतिगृहात मात्र खोली मिळालेली नाही. पहिला महिना कुठेतरी काढून मग घर शोधेन, असे तो म्हणतो. आम्ही कशाकडे लक्ष द्यावे?
— एक पालक, कोथरूड

उत्तर : आपल्या मुलाने अवघड टप्पे पार केले आहेत. मात्र ‘कुठेतरी’ या शब्दाशी मी अडखळले. जर्मनीत राहत्या घरी गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला तिकडे ‘आनमेल्डुंग’ म्हणतात आणि तिच्यासाठी घरमालकाने सही केलेले, हा माणूस माझ्याकडे राहायला आला आहे असे सांगणारे पत्र लागते. ही नोंदणी झाली की करक्रमांक टपालाने येतो. बँक खाते, निवास परवाना आणि अर्धवेळ नोकरीचा पगार यांची गाडीही बहुधा तिच्यावाचून अडते. पर्यटकांना आठवड्याच्या बोलीने खोल्या देणारे अनेक जण असे पत्र देत नाहीत. म्हणून पहिल्या महिन्याची खोली ठरवतानाच ‘नोंदणीचे पत्र मिळेल का’ हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तरही लेखी घ्यावे.

पत्र मिळाले तरी एक बारीकशी गोष्ट राहते, जी मला कोणी सांगितली नव्हती. तिकडे पोस्टमन खोली क्रमांक पाहत नाही, पत्रपेटीवरचे नाव पाहतो. माझ्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचे नाव तसेच राहिले होते, त्यामुळे बँकेचे पिनचे पत्र दोनदा परत गेले. शेवटी वहीच्या कागदाची पट्टी कापून, तिच्यावर आडनाव लिहून सेलोटेपने चिकटवली, तेव्हा कुठे त्या पत्त्यावर मी राहते हे टपालखात्याला मान्य झाले. मुलाने पहिल्याच दिवशी हे करावे.

ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरलेल्या ११,९०४ युरोंपैकी दरमहा ९९२ युरोच हाती येतात आणि तेही तिकडचे चालू खाते उघडल्यानंतर. त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांचा खर्च आणि घराची अनामत यांची तरतूद वेगळी हवी. अनामत कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपेक्षा अधिक मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. मूळ भाड्यात गरम पाणी, हीटर वगैरेंचा खर्च धरलेला नसतो, हे जाहिरात वाचताना ध्यानात ठेवावे. ‘मी सध्या परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे म्हणणारा मालक हा मालक नसतो.

आरोग्य विम्याबाबत घाई करू नये. ३० वर्षांखालील विद्यार्थ्याला सार्वजनिक विमा सवलतीच्या दरात मिळतो. खासगी विमा स्वस्त दिसतो म्हणून सुरुवातीलाच सार्वजनिक विम्यातून सूट घेतली, तर ते शिक्षण पूर्ण होईपर्यंत विद्यार्थी म्हणून पुन्हा त्यात शिरता येत नाही. नोकरीची मर्यादा वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस आहे. पहिल्या सत्रात तिच्या जवळपासही जाऊ नये, असे माझे मत. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा अन्यत्र जर्मनच्या एकदोन पातळ्या झाल्या असतील, तर उरलेल्या आठवड्यांत त्यांची उजळणी करावी. नगरपालिकेच्या खिडकीपलीकडचा माणूस इंग्रजीत बोलेलच असे नाही.

प्रश्न : भाचा आठवी पास आहे, पुण्यात टेम्पो चालवतो. एक एजंट दुबईत ड्रायव्हरची नोकरी देतो म्हणून दीड लाख रोख मागतो आहे. आधी व्हिजिट व्हिसावर जा, नंतर तिकडे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून घेऊ, असे त्याचे म्हणणे आहे. पाठवावे का?
— एक वाचक, भेकराईनगर

उत्तर : पाठवू नये. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पारपत्रावर साधारणतः ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते, आणि अशा व्यक्तीला नोकरीसाठी संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कुवेत, कतार यांसारख्या १८ देशांत जाताना प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. व्हिजिट व्हिसाची युक्ती ही मंजुरी चुकवण्यासाठीच असते. पुढे पगार थकला किंवा अपघात झाला, तर भाचा सरकारच्या नोंदीत कामगार म्हणून कुठेच सापडणार नाही.

एजंटाचा नोंदणी क्रमांक मागून तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर स्वतः पडताळावा. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. दीड लाख रोख, या तीन शब्दांतच त्याची लायकी कळते. रीतसर गेल्यास प्रवासी भारतीय विमा योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपयांत १० लाखांचे अपघाती संरक्षण मिळते. आपल्याकडचा वाहन परवाना तिकडे नोकरीसाठी चालत नाही, तिकडची चाचणी द्यावी लागते. तिचा खर्च कोण करणार, हे करारात लिहून घ्यावे. मालकाने पारपत्र स्वतःकडे ठेवून घेणे तिकडच्या कायद्यालाही मान्य नाही, हे भाच्याला निघण्याआधी सांगून ठेवावे.

प्रश्न : मी तीन वर्षांच्या नोकरीसाठी नेदरलँड्सला जात आहे. बाणेरचा फ्लॅट भाड्याने देणार आहे. इथले बचत खाते आणि पीपीएफ तसेच चालू ठेवले तर चालेल ना? सहीची कामे वडील करतील.
— एक अभियंता, बाणेर

उत्तर : बचत खाते तसेच ठेवता येणार नाही. परकीय चलन कायद्याच्या दृष्टीने, नोकरीसाठी देश सोडणारी व्यक्ती वर्षाचे दिवस मोजायची वाट न पाहता अनिवासी ठरते. म्हणून बँकेला कळवून खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी व्यक्तीचे भारतातील उत्पन्नासाठीचे, करून घ्यावे. भाडे याच खात्यात जमा होईल. तिकडच्या पगारातून इकडे पैसे पाठवायचे असल्यास एनआरई, म्हणजे परदेशी कमाईसाठीचे, खाते वेगळे उघडावे, कारण त्यावरील व्याज भारतात करमुक्त असते आणि रक्कम विनाअडथळा परत नेता येते. पीपीएफचे चालू खाते मुदत संपेपर्यंत सुरू ठेवता येते, मुदतवाढ मात्र मिळत नाही.

भाडेकरूला एक गोष्ट आधीच सांगावी, नाहीतर पुढे कटुता येते. घरमालक अनिवासी असेल तर भाडेकरूने भाड्यातून ३० टक्के आणि उपकर कापून सरकारजमा करायचा असतो. निवासी मालकाला लागू असलेली भाड्याची किमान मर्यादा इथे नाही. बहुतेक भाडेकरूंना हे ठाऊक नसते आणि दलाल सांगत नाहीत. जादा कापलेली रक्कम आपण विवरणपत्र भरून परत मागू शकता.

वडिलांच्या नावे कुलमुखत्यारपत्र निघण्यापूर्वी इथेच, दुय्यम निबंधकांकडे नोंदवून करावे. परदेशातून करून पाठवलेले पत्र भारतीय दूतावासात साक्षांकित करून घ्यावे लागते आणि महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा लागतो. हा दुसरा भाग विसरल्यामुळे लिव्ह अँड लायसन्स करारासाठी ताटकळलेले एक गृहस्थ मी पाहिले आहेत. पत्रात अधिकार मोजकेच लिहावेत : करार, सोसायटी, वीज, महापालिकेचा मिळकतकर. विक्रीचा अधिकार, गरज नसताना, वडिलांनाही देऊ नये. यात अविश्वासाचा प्रश्न नसून कागद गहाळ झाल्यास काय, हा प्रश्न आहे.

आणि आधारशी जोडलेले सिमकार्ड चालू ठेवावे. रिचार्ज काही महिने राहिले की क्रमांक बंद होऊन दुसऱ्याला दिला जातो, मग बँकेचा ओटीपी एखाद्या अनोळखी माणसाकडे जाऊ लागतो.

प्रश्न : मुलगी म्युनिकला असते. तिचे बाळंतपण मार्चच्या मध्यावर आहे. मी १ मार्चला जाऊन चार-पाच महिने राहीन म्हणते. व्हिसा तिकडे वाढवून मिळतो का?
— एक होऊ घातलेली आजी, सहकारनगर

उत्तर : अभिनंदन. पण शेंगेन व्हिसावर (जर्मनीसह युरोपातील बऱ्याच देशांत चालणाऱ्या अल्पमुदतीच्या व्हिसावर) चार महिने राहता येत नाही आणि बाळंतपणाच्या कारणाने मुदत वाढवून मिळेल, असे गृहीत धरू नये. वाढ मिळते ती परत येणेच शक्य नसल्यास, उदाहरणार्थ आपणच रुग्णालयात दाखल असल्यास.

नियम असा आहे की कोणत्याही सलग १८० दिवसांत ९० दिवसच राहता येते, आणि पोहोचल्याचा व निघाल्याचा असे दोन्ही दिवस मोजले जातात. आपण १ मार्चला उतरलात तर मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २९ मिळून ९० दिवस होतात, म्हणजे २९ मेच्या रात्री बारापूर्वी बाहेर पडायला हवे. पुन्हा जायचे तर २७ ऑगस्टला १८० दिवस पुरे होतात, २८ पासून जुने दिवस एकेक करून गळू लागतात आणि, व्हिसा तोवर वैध असल्यास, पुन्हा राहता येते. पूर्वी हे हिशेब शिक्के पाहून होत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे व छायाचित्र घेणारी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाल्याने जादा राहिलेला एक दिवससुद्धा आता यंत्राला दिसतो.

माझा सल्ला असा की आपण आणि विहीणबाईंनी आपापले तीन महिने एकाच वेळी संपवू नयेत. आपण मार्च ते मे जावे आणि जूनपासून विहीणबाईंनी. दोघी एकाच वेळी गेल्यास बाळ एक आणि सल्ले दोन अशी मुलीची अवस्था होते, शिवाय जूनमध्ये तिच्या हाताशी कोणीच उरत नाही. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासी विमा सक्तीचा असतो. तो घेताना रक्तदाब, मधुमेह यांसारखे आधीचे आजार लपवू नयेत, आणि त्यांसाठी तातडीचे उपचार पॉलिसीत धरले आहेत की नाहीत ते वाचून घ्यावे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. आपण डिसेंबर उजाडू देऊ नये.

प्रश्न : दिवाळीला दुबईत मुलाकडे आठ दिवस आणि तिथून फ्रँकफर्टला मुलीकडे जाणार आहोत. अनारसे, बाकरवडी, गोडा मसाला, साजूक तूप, सुके खोबरे आणि पेढे न्यायचे आहेत. औषधेही बरीच आहेत. अडचण येईल का?
— एक जोडपे, सदाशिव पेठ

उत्तर : येईल, आणि ती अनारशापासूनच सुरू होईल. खसखस ही अफूच्या बोंडातील बी असल्याने संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या नियमांखाली येते आणि बाळगणाऱ्याला अटकही होऊ शकते. पुडी नेणार नाही, एवढ्याने भागत नाही. अनारसा खसखशीवरच थापलेला असतो, बाकरवडीच्या सारणात ती बहुधा असते, आणि अनेक घरांच्या गोड्या मसाल्यातही ती भाजून घातलेली असते. सिंगापूरलाही हीच बंदी आहे. फ्रँकफर्टला मात्र बेकरीच्या काचेआड खसखशीचा काळाभोर केक राजरोस मांडलेला दिसेल.

तुपाचे नेमके उलटे आहे. ते दुबईच्या घरी चालेल, पण युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई असल्याने तूप, पेढे, खव्याची मिठाई दुबईतच संपवावी. फळांनाही वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. केळी, अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियन एवढीच फळे त्यातून सुटतात, हापूस सुटत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तेलकट असतात आणि साठवणीत आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून विमान वाहतुकीच्या नियमांत त्यांची गणना धोकादायक मालात होते. त्या घरीच ठेवाव्यात.

औषधे मूळ पट्ट्यांमध्ये ठेवावीत. डबीत काढून ठेवलेल्या सुट्या गोळ्या कोणालाच ओळखू येत नाहीत. डॉक्टरांकडून इंग्रजीत, औषधाचे मूळ रासायनिक नाव लिहिलेली चिठ्ठी घ्यावी. रक्तदाबाच्या नेहमीच्या गोळ्यांना सहसा अडचण येत नाही, पण कोडीन असलेले खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या यांसाठी अमिरातीच्या सरकारची पूर्वपरवानगी लागते. या पट्ट्या हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. पॉवर बँकही तिथेच, चेक-इनच्या बॅगेत तिला परवानगी नसते.

राहिला फराळ. चकली, शेव, चिवडा आणि साध्या शंकरपाळ्या दुबईला निर्धास्त न्याव्यात, फक्त चिवड्यात हौसेने खसखस पेरली नाही ना, हे करणाऱ्याला विचारावे. अनारशांवाचून मुलाची दिवाळी होत नसेल तर ते पांढऱ्या तिळावर थापावेत. माझी आई कराचीहून आलेल्या शेजारणीचे पाहून तसेच थापत असे, आणि आम्हाला बरीच वर्षे तोच खरा अनारसा वाटत होता.