पक्षाघातानंतर वर्ष उलटून गेलं, तरी वाचा सुधारू शकते का?

हो, सुधारू शकते. सर्वाधिक सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते हे खरं, पण त्यानंतर दार बंद होतं हा समज चुकीचा आहे. 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीतली एक चाचणी प्रसिद्ध झाली. अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने बोलणं, शब्द सुचणं किंवा समजणं बिघडणं) होऊन सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेले 156 रुग्ण होते. तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास वाचोपचार दिल्यावर रोजच्या संवादात फरक पडला. नुसती वाट पाहणाऱ्यांत तो दिसला नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास जाऊन येणं म्हणजे, माझ्या मते, निव्वळ हजेरी लावणं.

'पाणी' हा शब्द सुचत नाही, पण गाण्याची ओळ सलग म्हणता येते, असंही होतं. पाठ असलेली गाणी, आकडे, शिव्यासुद्धा (घरचे चपापतात!) बऱ्याचदा शाबूत राहतात. डाव्या हाताने ठेका धरून वाक्य सुरात म्हणायला लावणारी पद्धत यावरच उभी आहे. त्याचा लाभ सगळ्यांना सारखा होत नाही.

घरी बोलताना टीव्ही बंद ठेवा. 'चहा की कॉफी?' असं दोन्ही वस्तू दाखवून विचारा आणि थांबा. रुग्णाचा शब्द तुम्ही पुरा करू नका. बुद्धी बहुधा जागेवर असते, त्यामुळे लहान मुलाशी बोलल्यासारखं तर मुळीच बोलू नका.