युती आधी, आघाडी नंतर?

प्रश्न असा आहे: ‘युती निवडणुकीआधी होते आणि आघाडी निकालानंतर, असं स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये सांगितलं. हा फरक खरा का?’

नाही. पाठ करायला सोपा आहे एवढंच. 1999 साली काँग्रेस आणि राष्ट्रवादी विधानसभेला एकमेकांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र आले, ती आघाडी. 2004 आणि 2009 ला त्यांनी आधीच जागा वाटून घेतल्या, तीही आघाडीच. शिवसेना-भाजप 1995 मध्ये एकत्र लढून सत्तेवर आले ते ‘युती शासन’. नाव पडलं ते कोणी हात मिळवला त्यावरून, कधी मिळवला त्यावरून नव्हे. 25 सप्टेंबर 2014 ला दोन्ही सोयरिकी एकाच दिवशी मोडल्या, तेव्हा ‘युती तुटली, आघाडीही तुटली’ एवढ्यावर कोण कोणापासून वेगळं झालं हे अख्ख्या महाराष्ट्राला कळलं. पक्षांची नावं घ्यायची गरजच नव्हती.

दिल्लीत मात्र हा हिशेब उलटा. भाजपच्याच पुढाकारातल्या एनडीएला आपण ‘राष्ट्रीय लोकशाही आघाडी’ म्हणतो, वर्तमानपत्री लघुरूप रालोआ. म्हणजे तेच शिवसेना-भाजप मुंबईत युती आणि दिल्लीत आघाडी!

शब्दांच्या मुळाशी फरक आहे. युती आली ज्योतिषातून: दोन ग्रह आकाशात एकमेकांजवळ दिसणं. 21 डिसेंबर 2020 ला गुरू-शनी अगदी चिकटल्यासारखे दिसले, तिला आपण ‘महायुती’च म्हटलं, प्रत्यक्षात दोघांत 70 कोटी किलोमीटरहून जास्त अंतर होतं. (विरुद्ध बाजूंना असतील तर प्रतियुती. हा शब्द राजकारणाने अजून उचलला नाही, याचं नवल वाटतं.) आघाडी लष्करी. सैन्याची पुढची फळी ती आघाडी, मागची पिछाडी. युतीत दोन वेगळी अस्तित्वं शेजारी येतात, आघाडीत माणसं मिळून एक फळी होते. म्हणून पक्षाच्या शाखेला ‘महिला आघाडी’ म्हणतात, ‘महिला युती’ कोणी म्हणत नाही. वंचित बहुजन आघाडी किंवा वसई-विरारची बहुजन विकास आघाडी हे तर सरळ पक्षच आहेत.

हा ‘एक फळी’वाला अर्थ नगरपालिकेत कायद्याने धरला आहे. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, 1986 याच्या इंग्रजी मसुद्यातसुद्धा ‘आघाडी’ हा मराठी शब्द तसाच ठेवला आहे. व्याख्या साधारण अशी: स्थानिक संस्थेच्या निवडणुकीत उमेदवार उभे करण्यासाठी ज्यांनी आपला पक्ष बनवला तो गट. गावोगावच्या ‘शहर विकास आघाडी’, ‘नगर विकास आघाडी’ त्या याच. अशा आघाडीतून निवडून आलेल्या नगरसेवकाने ती आपणहून सोडली, किंवा तिचा व्हिप (मत कसं द्यायचं याचा आदेश) मोडून मतदान केलं, तर त्याचं पद जाऊ शकतं. याउलट आघाडी म्हणून नोंद न करता दोन पक्षांची नुसती युती असेल, तर एका पक्षाचा गटनेता दुसऱ्याच्या नगरसेवकाला व्हिप बजावू शकत नाही. ज्याचा व्हिप त्यालाच लागू. नगराध्यक्षाच्या खोलीत ठरलेला शब्द फिरला, तर मित्रपक्षाने जिल्हाधिकाऱ्यांकडे कशाच्या जोरावर जायचं?

विधानसभेत मात्र महाविकास आघाडी आणि महायुती या बाबतीत सारख्याच. तिथे राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी, लागू होतं आणि त्यात आदेश चालतो तो आमदाराच्या स्वतःच्या पक्षाचा. एकीला आघाडी म्हणतात म्हणून तिचा व्हिप तिन्ही पक्षांच्या आमदारांना लागू होत नाही.

ग्रामपंचायतीत यातलं काहीच नाही. निवडणूक पक्षचिन्हावर होत नाही, त्यामुळे तिथे चालतं ते ‘पॅनेल’. आता हेही मराठीच समजायचं.

क्रियापदं मात्र जपून वापरा. युती होते, करतात, तुटते, फिसकटते, ‘घेत’ नाहीत. आघाडी करतात आणि घेतातही, म्हणून मतमोजणीच्या दिवशी ‘आघाडी पिछाडीवर, युतीची आघाडी’ असं वाक्य व्याकरणाने निर्दोष असूनही वाचणाऱ्याचा घोटाळा होतो. तिथे ‘युती पुढे’ लिहावं. ‘आघाडीत बिघाडी’ या यमकाला आता निवृत्ती द्यायलाही हरकत नाही. आणि परीक्षेत कोणा एकाकडे न झुकता लिहायचं असेल तर ‘संमिश्र सरकार’ हा जुना शब्द अजून धडधाकट आहे.