सैनिकांच्या स्मारकावर जिओकॅशिंग करणं अनादराचं नाही का?

तुम्ही मुलीकडे कॅन्सस सिटीला आला आहात. अकरा वर्षांच्या नातवाला जवळच्या फोर्ट लेव्हनवर्थ या लष्करी तळावरच्या बफेलो सोल्जर (म्हणजे अमेरिकन सैन्यातल्या कृष्णवर्णीय तुकड्यांचे सैनिक) स्मारकावर जिओकॅशिंग करायचंय आणि सैनिकांच्या स्मारकाशी खेळ करणं तुम्हाला रुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. काका, मी म्हणेन, अवश्य जा. मी माझ्या मुलीला घेऊन गेलो होतो म्हणूनच इतक्या खात्रीनं सांगतोय.

जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसच्या आधारानं लपवलेली वस्तू, म्हणजे ‘कॅश’, शोधणं. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारनं नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगनमध्ये एकानं पहिली बादली लपवली. एरवी डबा सापडला की आतल्या वहीत नाव लिहायचं. पण लष्करी तळावर कुणी बेवारस डबा ठेवला तर हाहाकार होईल. आम्ही केली ती व्हर्च्युअल कॅश होती. त्यात लपवलेलं काहीच नसतं. दिलेल्या जागी पोहोचायचं, तिथला मजकूर वाचून प्रश्नांची उत्तरं शोधायची आणि कॅश मांडणाऱ्याला कळवायची. म्हणजे स्मारक वाचल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. एरवी माझी मुलगी पुतळ्यातल्या घोड्यासोबत फोटो काढून दोन मिनिटांत गाडीत बसली असती. त्या दिवशी ती पाऊण तास एकेक ओळ बोटानं वाचत होती.

वाचण्यासारखं खूप आहे. १८६६ मध्ये अमेरिकन काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, कृष्णवर्णीय सैनिकांच्या सहा रेजिमेंट उभारायला मंजुरी दिली, त्यांतले दोन रिसाले, म्हणजे घोडदळाच्या रेजिमेंट होत्या, नववा आणि दहावा. दहावा इथेच, फोर्ट लेव्हनवर्थला उभा राहिला. गुलामगिरी कायद्यानं संपून वर्षही झालं नव्हतं. भरती झालेल्यांतले कितीतरी जण कालपरवापर्यंत कुणाच्या तरी मालकीचे होते. पगार महिना १३ डॉलर. अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. तळाच्या प्रमुखानं त्यांना पाणी साचणाऱ्या सखल जागी तंबू ठोकायला लावले, परेडला गोऱ्या सैनिकांपासून दूर उभं केलं. त्यांचे कर्नल बेंजामिन ग्रीअरसन स्वतः गोरे होते, पण या वागणुकीवरून त्या प्रमुखाशी भांडत राहिले आणि १८६७ मध्ये त्यांनी रिसाला फोर्ट रायलीला हलवला.

१९८२ मध्ये कॉलिन पॉवेल इथे ब्रिगेडियर जनरल म्हणून आले. या रिसाल्यांची आठवण कुठे आहे म्हणून त्यांनी शोध घेतला, तर त्यांच्या नावाच्या खडीच्या दोन गल्ल्या सापडल्या. बस्स, एवढंच. त्यांनी स्मारकाची कल्पना मांडली. पुढे त्यांची बदली झाली आणि नौदलाचे कमांडर कार्लटन फिलपॉट यांनी नेटानं निधी उभा केला. जुलै १९९२ मध्ये एडी डिक्सन यांनी घडवलेल्या ब्राँझच्या घोडेस्वाराचं अनावरण झालं, तेव्हा पॉवेल देशाचे सर्वोच्च लष्करी अधिकारी होते आणि समारंभाला हजर होते. कुठे त्या खडीच्या गल्ल्या आणि कुठे ही जागा, हे आठवलं की मला त्या पुतळ्याखाली उभं राहावंसं वाटतं.

एक गोष्ट नातवाला नक्की सांगा. हे सैनिक ज्यांच्याशी लढले त्यांत मूळ निवासी लोक होते, आपली जमीन वाचवणारे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनाच दुसऱ्यांच्या अन्यायात हत्यार व्हावं लागलं. माझ्या मुलीनं तिथेच विचारलं, "मग यांची बाजू बरोबर होती का?" मला सरळ उत्तर देता आलं नाही. आम्ही गाडीत बराच वेळ त्यावर बोललो.

आता व्यवहाराचं. तळ चालू आहे, फाटकावर पास लागतो. परदेशी पासपोर्ट असेल तर नियम वेगळे असतात, म्हणून निघण्याआधी व्हिजिटर सेंटरला फोन करून विचारा. कॅश अजून सुरू आहे का तेही ॲपमध्ये बघून घ्या. पुतळ्यावर किंवा कठड्यावर चढू देऊ नका. पाटीवरच्या उत्तरांचे फोटो सगळ्यांना दिसतील असे टाकू नका, नाहीतर मागून येणारी मुलं न वाचताच निघून जातील. मला तुमच्या नातवाची उत्तरं ऐकायला आवडतील, पण इथे लिहू नका, खासगी संदेशात पाठवा.