आरोग्य-प्रश्नोत्तरे : सोळा तासांच्या उपासानंतरचे आठ तास

मागील अंकात या सदरातून आम्ही वाचकांना इंटरमिटन्ट फास्टिंगचे, म्हणजे दिवसातले ठरावीक तास उपाशी राहून उरलेल्या वेळेतच खाण्याच्या पद्धतीचे, स्वतःचे अनुभव कळवण्याचे आवाहन केले होते. आलेल्या पत्रांत कौतुक आहे, कुरकुर आहे आणि एका पत्रात तर तातडीने दखल घ्यावी असा मजकूर आहे. त्यांतील निवडक पत्रे संक्षिप्त करून, नावे गाळून येथे दिली आहेत.

प्रश्न : मी नाशिकला एका बँकेत नोकरी करते. वय ४६, वजन ७४ किलो होते. सहा महिन्यांपूर्वी सकाळचा नाश्ता बंद केला आणि दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेतच खायचे, असा नेम धरला. पहिल्या महिन्यात चार किलो वजन उतरले, मैत्रिणींनी विचारायला सुरुवात केली. पण नंतर काटा जो अडकला तो हलायचे नाव घेत नाही. शिवाय अलीकडे केस मुठीने गळत आहेत. सकाळी डबे करताना दोन कप चहा होतो, पण त्यात साखर अर्धाच चमचा असते. माझे काय चुकत आहे?

उत्तर : आपण सोबत आठवडाभराच्या खाण्याची नोंद पाठवलीत, हे फार बरे केलेत, कारण उत्तर त्या नोंदीतच आहे.

प्रथम पहिल्या महिन्याविषयी. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे एकदम कमी झाले की हा साठा घटतो, त्यातले पाणी लघवीवाटे निघून जाते, जेवणातले मीठही कमी होते आणि काटा झरझर खाली येतो. चरबी मात्र इतक्या वेगाने जळत नाही. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० किलोकॅलरी. दिवसाला ३०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या तरी तेवढ्यासाठी साधारण २५ दिवस लागतात. म्हणून पहिल्या महिन्यातले चार किलो ही पुढच्या महिन्यांची अपेक्षा ठरवण्याची पट्टी होऊ शकत नाही.

आता आपली नोंद. दुपारी साडेबाराला डब्यातल्या दोन पोळ्या आणि भेंडी किंवा बटाट्याची भाजी, पाचला बँकेत चहा आणि सहकाऱ्यांत मिळून फरसाण, रात्री आठच्या आत घाईघाईने दोन पोळ्या, भाजी, थोडा आमटीभात आणि ‘आता सकाळपर्यंत काही नाही’ म्हणून वर एक शेंगदाण्याचा लाडू. या खाण्यातली प्रथिने मोजली तर ती जेमतेम ३० ग्रॅमच्या आसपास भरतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. आपल्या उंचीला साजेशा वजनावर हिशेब धरला तरी दिवसाला ४५ ते ५० ग्रॅम हवीत. नाश्ता बंद केलात तेव्हा त्यासोबत दुधाचा कप आणि कधीमधी होणारे अंडे किंवा मुगाचे धिरडेही बंद झाले, आणि त्याची जागा दुपारी कशानेही भरली गेली नाही. फरसाण मात्र आठ तासांच्या आत बसत असल्यामुळे सहीसलामत राहिले. मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फरसाणात अडीचशेहून अधिक किलोकॅलरी असतात. नाश्ता सोडून जे कमावले ते पाच वाजता परत केले जाते.

या पद्धतीवर झालेल्या दोन अभ्यासांची माहिती आपल्याला उपयोगी पडेल. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाने ११६ जणांवर बारा आठवडे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. त्यात एका गटाने आपल्यासारखेच दुपारी बारा ते रात्री आठ या वेळेत हवे ते खाल्ले, दुसऱ्याने नेहमीप्रमाणे तीन वेळा. पहिल्या गटाचे वजन सरासरी एक किलोलाही पोहोचेल इतके घटले नाही आणि दोन गटांतला फरक नगण्य ठरला. ज्यांची सविस्तर तपासणी झाली त्यांच्यात घटलेल्या वजनात स्नायूंसारख्या चरबीविरहित भागाचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. पुढे २०२२ साली चीनमधील ग्वांगझू येथे १३९ स्थूल व्यक्तींवर वर्षभराचा अभ्यास झाला. तेथे दोन्ही गटांना कॅलरी मोजून दिल्या होत्या, फक्त एका गटाने सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच जेवायचे होते. वर्षअखेर त्या गटाचे ८ किलो आणि दुसऱ्याचे ६.३ किलो वजन उतरले, आणि हा फरकही संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. माझे मत यावरून असे झाले आहे की घड्याळ स्वतः वजन उतरवत नाही. ज्यांच्या घरी रात्री मालिका पाहताना चिवड्याचा डबा उघडतो, त्यांना रात्री आठनंतरच्या बंदीचा मोठा फायदा होतो. ज्यांच्या घरी तो मुळात उघडतच नव्हता, त्यांना फारसा होत नाही.

केसांविषयी : वजन झपाट्याने उतरल्यावर किंवा आहारात प्रथिने व लोह कमी पडल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, हे नेहमी दिसते. तरीही हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) आणि थायरॉईड या तपासण्या करून घ्याव्यात, कारण या वयात तिन्हींपैकी काहीही निघू शकते.

बदल सुचवायचा तर तो असा. शक्य झाल्यास पहिले खाणे सकाळी दहाला आणि शेवटचे संध्याकाळी साडेसहा-सातला आणावे. दुपारच्या डब्यात पोळी एक कमी आणि मोड आलेल्या मटकीची किंवा हरभऱ्याची वाटीभर उसळ, सोबत दही. रात्री आमटी पातळ न करता घट्ट वरण. फरसाणाऐवजी फुटाणे. सकाळच्या दोन कप चहात दूधही आहे आणि साखरही, त्यामुळे तो काळ उपासाचा धरता येणार नाही. चहा हवाच असेल तर कोरा घ्यावा, नाहीतर तो पहिल्या खाण्यासोबत घ्यावा. आठवड्यातून दोन-तीनदा जिना, बैठका किंवा हलकी वजने यांपैकी काहीतरी व्हायलाच हवे. नुसत्या चालण्याने स्नायू राखले जात नाहीत.

प्रश्न : मी सोलापूरचा निवृत्त शिक्षक असून मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. एक व्याख्यान ऐकून दिवसातून दोनदाच जेवण्यास सुरुवात केली. सकाळच्या ग्लिमेपिराइडच्या गोळीची वेळ पूर्वीप्रमाणे आठच ठेवली आहे. पहिले जेवण साडेबाराला होते. मागच्या आठवड्यात भाजी आणायला गेलो असता दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. घरी येऊन मोजली तर साखर ५४ होती. मित्र म्हणतात, शरीर सवय लावून घेत आहे. सुरू ठेवावे का?

उत्तर : आज, हे उत्तर वाचल्यावर, आपल्या डॉक्टरांना दूरध्वनी करावा आणि त्यांच्याशी बोलणे होईपर्यंत पूर्वीप्रमाणे सकाळी नाश्ता करावा. आपल्याला जे झाले त्याला सवय म्हणत नाहीत. साखर ७० च्या खाली जाणे हा धोका आहे, आणि रस्त्यात, वाहनांच्या गर्दीत ते होणे हा दुहेरी धोका आहे.

ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड ही औषधे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. पोटात अन्न आले आहे की नाही, हे ती पाहत नाहीत. आठला गोळी घेऊन साडेबारापर्यंत उपाशी राहणे म्हणजे वाट पाहत साखर खाली आणणे होय. टोचून घेतलेल्या इन्सुलिनबाबतही तेच. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांचा धोका वेगळा आहे : दीर्घ उपासात चरबी जळताना तयार होणारी कीटोन आम्ले रक्तात साचू शकतात आणि तेव्हा साखर फार वाढलेली नसल्यामुळे रोग्याच्या व घरच्यांच्या लक्षातही येत नाही. एकट्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांची साखर सहसा इतकी उतरत नाही. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर उपासात पाणी कमी पडून चक्कर येते, तेही डॉक्टरांना सांगावे. गोळीची वेळ किंवा मात्रा आपल्या मनाने बदलू नये आणि गोळी बंदही करू नये. पण तिची मात्रा बदलल्याशिवाय जेवणाची वेळ बदलणेही तितकेच चुकीचे आहे.

पुन्हा असे झाले तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून ताबडतोब घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, साखर ७० च्या वर आल्यावर काहीतरी खावे. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

दोनदा जेवण्याचा विचार महाराष्ट्रात डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून आणि पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या मोहिमेतून घरोघरी पोहोचला, आणि त्यामुळे अनेकांचे दिवसभराचे चरणे थांबले, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु भरल्या सभागृहात बसलेल्या प्रत्येकाच्या औषधांची चिठ्ठी वक्त्याला दिसत नसते. व्याख्यान ऐकून उठलेल्या मधुमेही श्रोत्याने जेवणाचे ताट बदलण्याआधी ती चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जावे.

प्रश्न : चाकणच्या एका कारखान्यात मी दुसऱ्या पाळीत असतो. दुपारी तीनला पाळी सुरू होते, घरी पोहोचायला रात्रीचे साडेबारा होतात. आई ताट झाकून ठेवते. अशा माणसाने सोळा तास कोणते धरायचे?

उत्तर : झाकलेले ताट नाकारणे ही यातली सर्वांत अवघड गोष्ट आहे, हे मान्य करून पुढे लिहितो. रात्री उशिरा इन्सुलिनचा प्रतिसाद मंदावतो, त्यामुळे तोच भात दुपारी खाल्ल्यावर जितकी साखर वाढवतो त्याहून अधिक मध्यरात्री वाढवतो. अमेरिकेत अलाबामा राज्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या आठ पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचे सगळे जेवण संपवायला सांगितले होते. वजन मुद्दाम स्थिर ठेवूनही त्यांच्या शरीराची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली आणि रक्तदाब उतरला. आठ माणसे फारच थोडी आहेत, पण दिशा कळते.

आपण साडेनऊला उठत असाल तर साडेदहाला पोटभर न्याहारी, दोनला निघण्यापूर्वी जेवण आणि साडेसातच्या सुमारास कॅन्टीनमध्ये हलके जेवण, असा क्रम बसतो. घरी आल्यावर फार भूक असेल तर पातळ ताक घ्यावे आणि आईचे ताट दुसऱ्या दिवशी साडेदहाला खावे. ताकाचीही गरज पडली नाही तर रोजचा पंधरा तासांचा खंड मिळतो. पाळी दर आठवड्याला बदलत असेल, तर सोळाचा हट्ट सोडावा. बारा तासांचा खंड प्रत्येक पाळीत सांभाळता आला तरी पुष्कळ आहे. रात्रपाळीत यंत्रावर काम असताना उपाशी राहू नये.

प्रश्न : सून सोळा तासांचा उपास करते आणि मला समजावते. मी चाळीस वर्षे सोमवार, संकष्टी आणि दोन्ही एकादश्या करत आले. मग माझे वजन का बरे उतरले नाही? – सांगलीच्या एक आजी

उत्तर : आजी, ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे वचन आपल्या पिढीनेच आम्हाला ऐकवले आहे! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात साडेतीनशे किलोकॅलरी असतात आणि प्रथिने नावालाच. त्यात दाण्याचे कूट, बटाटा, साजूक तूप आले की खिचडीची एक बशी पोळीभाजीच्या जेवणाहून जड होते, आणि दुपारी ती झाल्यावर चारला वेफर्स व रताळ्याच्या गोड फोडी असतातच. संकष्टीचे गणित तर सुनेच्या गणिताच्या नेमके उलटे आहे, कारण दिवसभर थांबून चंद्रोदयानंतर, कधी रात्री नऊ-साडेनऊला, मोदकांसह पूर्ण जेवण होते. व्रत म्हणून ते करावे, त्याची किंमत काट्यावर मोजू नये. वजनाचा विचार करायचा असेल तर खिचडीऐवजी वरईचा भात आणि दाण्याची आमटी मर्यादेत घ्यावी, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही. आपल्या शेजारी जैन कुटुंब असेल तर त्यांचा सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नेम पाहावा. सुनेने धरलेल्या वेळांना तो अधिक जवळचा आहे.

प्रश्न : सोळा तास उपाशी राहिल्यास पेशी स्वतःची सफाई करतात, कर्करोग होत नाही आणि याला नोबेल मिळाले आहे, असा संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरतो आहे. दुसरा एक संदेश म्हणतो की याने हृदयविकाराने मृत्यू येतो. कोणता खरा?

उत्तर : दोन्ही संदेश पुढे पाठवू नयेत. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली नोबेल मिळाले ते ऑटोफॅजी, म्हणजे पेशीने स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा वापरणे, या प्रक्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल, आणि त्यांचे मूळ प्रयोग यीस्टवर होते. माणसात सोळाव्या तासाला कोणती कळ दाबली जाते आणि कर्करोग टळतो, असे त्यांनी कोठेही दाखवलेले नाही. दुसरा संदेश मार्च २०२४ मध्ये शिकागोच्या परिषदेत मांडलेल्या पाहणीवर बेतलेला आहे. सुमारे २०,००० अमेरिकन प्रौढांना दोन दिवसांचे खाणे आठवून सांगायला लावले होते. आठ तासांहून कमी वेळात खाणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले. पण जो माणूस आजारपणामुळे, एकाकीपणामुळे किंवा पैशांअभावी दोनदाच जेवतो, तोही त्या गटात मोजला जातो. त्यावरून कारण ठरत नाही.

प्रश्न : मुलगी सोळा वर्षांची आहे, दहावीनंतर वजन वाढले म्हणून ती हा उपास करते. करू द्यावा का?

उत्तर : नाही. वाढीच्या वयात, गरोदरपणात, बाळाला अंगावर पाजत असताना आणि पूर्वी खाण्याशी निगडित मानसिक विकार झालेल्यांनी हा मार्ग घेऊ नये. तिची पाळी अनियमित झाली असेल किंवा ती जेवणानंतर बराच वेळ न्हाणीघरात काढत असेल, तर वजनाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

प्रश्न : थायरॉईडची गोळी सकाळी सहाला घेते आणि पहिले खाणे अकराला. गोळीमुळे उपास मोडतो का?

उत्तर : मोडत नाही. ही गोळी रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्यासोबतच घ्यायची असते, त्यामुळे आपली वेळ योग्य आहे. कोरा चहा किंवा कॉफीसुद्धा त्यानंतर अर्ध्या ते एक तासाने घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या त्याच वेळी घेऊ नयेत, किमान चार तासांचे अंतर ठेवून जेवणासोबत घ्याव्यात. वजन बरेच उतरले असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी पुन्हा करून डॉक्टरांकडून मात्रा ठरवून घ्यावी.