संगणक थांबेल, कार्ड थांबणार नाही

तुमचा प्रश्न असा: 2016 साली घेतलेल्या घरच्या संगणकावर विंडोज 10 आहे, त्याला अपडेट मिळणं बंद झालंय. दुरुस्तीवाला म्हणतो, विंडोज 11, अँटिव्हायरस आणि ‘स्पीड बूस्टर’ असं पॅकेज घ्या. त्याचा भाव नव्या संगणकाच्या किमतीच्या 15 टक्के. की नवीनच संगणक क्रेडिट कार्डावर हप्त्यांनी घ्यावा?

पॅकेज घेऊ नका. विंडोज 10 अस्सल असेल आणि यंत्र पात्र असेल, तर 11 फुकटच मिळतं. तुमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह. विंडोज 11 साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळपास आठव्या पिढीपासून सुरू होतात. म्हणजे हा गृहस्थ तपासणी चुकवून विंडोज 11 बसवणार, आणि अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. अँटिव्हायरस विंडोजमध्ये आधीपासून आहे. स्पीड बूस्टरबद्दल न बोललेलंच बरं.

आता पत्रातल्या शेवटून दुसऱ्या ओळीकडे येतो. ‘कार्डावर थोडी बाकी आहे, मिनिमम भरतो, बोनस आला की मिटवीन.’ ही थोडी बाकी नव्या संगणकाच्या अडीचपट आहे! दोन वर्षं तशीच आहे. मधल्या बोनसचं काय झालं ते पत्रात नाही.

नव्या संगणकाची किंमत 100 धरा. बाकी 250, व्याज महिना 3 टक्के, म्हणजे साडेसात. वर्षाला 90. जवळजवळ एक नवा संगणक दरवर्षी व्याजातच जातोय आणि घरी येत मात्र नाही. मिनिमम म्हणून तुम्ही साडेबारा भरता, त्यातले पाचच मुद्दलात जातात. शिवाय बाकी असताना कार्डावर साधी खरेदी केली तरी बिनव्याजी मुदत मिळत नाही. हप्त्यांचं गणित त्यानंतर.

आणि याच वेळी ‘अडीअडचणीला’ म्हणून 300 ची मुदत ठेव, 7 टक्क्यांनी. कमाई 21, खर्च 90. यापेक्षा मोठी अडचण कुठली यायची राहिली आहे?

ठेव मोडा. मुदतीआधी मोडली म्हणून थोडं व्याज कापतील, कापू द्या. कार्डाची पूर्ण बाकी याच आठवड्यात भरा. हाती 50 उरतील, त्यांना हात लावू नका. आजवर मिनिममला जाणारे साडेबारा दरमहा वेगळे ठेवा. जानेवारी चालू आहे. आठ महिन्यांनी, सप्टेंबरात, 100 जमतील आणि संगणक रोखीने येईल.

तोवर जुन्या संगणकाचं काय? मायक्रोसॉफ्टच्या वाढीव सुरक्षा अपडेटच्या योजनेत नाव घाला. ती 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत चालते. मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन करून सेटिंग्जचा बॅकअप सुरू केला, तर पैसे लागत नाहीत. ‘विंडोज अपडेट’मध्येच पर्याय दिसतो, दुरुस्तीवाल्याला बोलवायची गरज नाही. मशीन रडतखडत चालतंय म्हणता, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी वेगवान डिस्क, बसवा. फरक पहिल्यांदा चालू करतानाच कळेल. फोटो आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

आणि सप्टेंबरात, ब्राउझर आणि पत्रांपलीकडे काही करत नसाल, तर नवीन संगणकही घेऊ नका. याच यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही प्रणाली टाका, ती फुकट आहे. मग जमलेले 100 परत ठेवीत.