मृत्युपत्र लिहायला बसण्याआधी

चि. नव्या वकीलसाहेबांस अनेक आशीर्वाद.

सनद घेऊन तालुक्याला येतोयस, आणि मृत्युपत्रं, वाटण्या, भागीदारीची कामं करायची म्हणतोस, ते बरं आहे. फक्त लिहायची घाई करू नकोस.

पक्षकार येतो आणि म्हणतो, ‘‘सगळं थोरल्याच्या नावानं करा.’’ आधी त्याचं ‘सगळं’ किती ते काढ. सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि सातबाऱ्यावर नोंद असलेला प्रत्येक फेरफार, म्हणजे मालकी-हक्कातल्या बदलाची नोंद, वाच. आपल्याकडे मराठवाड्यात निजामी अंमल होता, त्यामुळे १९५४ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे जमीन-कब्जाची जुनी नोंद, तेही बघावं लागतं. जमीन इनामी निघते, नाहीतर १९५० च्या हैदराबाद कूळ कायद्यानं कुळाला मिळालेली. भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली जमीन, दिसली की त्या जमिनीच्या अटी वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही.

वडिलोपार्जित असेल तर त्याला फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. वीस एकर, बायको, दोन मुलं, एक मुलगी: पाच वाटे, त्याचे चार एकर. मुलीचा हक्क जन्मानंच आहे. हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली त्या ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असायची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. ‘लग्नात दिलं की’ हे बैठकीत चालतं, दाव्यात नाही.

मजकुरात गट नंबर नि चतुःसीमेवर थांबू नकोस. विहिरीतल्या पाण्याचा वाटा, मोटारीचं कनेक्शन, पाइपलाइन, बांधावरची वाट लिही. भाऊ भांडतात ते पाण्यावरून आणि वाटेवरून. आधारवर पंडित आणि सातबाऱ्यावर पांडुरंग असेल तर ‘उर्फ’ टाक.

खरी मेख साक्षीदारांत आहे. दोन लागतात. सही किंवा अंगठा होताना दोघांनी बघायचा आणि पक्षकारासमोरच आपल्या सह्या करायच्या. दस्तलेखकाच्या टेबलावर संध्याकाळी सह्या गोळा केलेलं मृत्युपत्र उलटतपासणीत फुटतं. पुढं निदान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो, म्हणून पक्षकाराच्या वयाचे पारावरचे सोबती घेऊ नकोस. तरुण, गावातच राहणारे, ज्यांना काही मिळणार नाही असे घे. स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, तरी कर. मात्र ज्याला मिळणार तोच म्हाताऱ्याला गाडीत घालून आणतो, मजकूर सांगतो, पैसे देतो, तर नोंदणीनंही संशय फिटत नाही. त्याला बाहेर बसव. त्याच तारखेचं डॉक्टरचं प्रमाणपत्र घे आणि कुणाला का वगळलं ते एका ओळीत लिही.

मोंढ्यातल्या अडत दुकानाचं वेगळंच. १९३२ च्या भागीदारी कायद्यानं भागीदार वारला की, करारात उलट लिहिलं नसेल तर, फर्म मोडते. दोघांचीच असेल तर कलम घालूनही वाचत नाही; तिसरा भागीदार हयातीतच घ्यायला सांग. वारलेल्याच्या भांडवलाचा आणि नफ्याचा हिशेब कुठल्या तारखेपर्यंत, किती हप्त्यांत, हे करारात आकड्यानिशी हवं. फर्म नोंदलेली नसेल तर उधारी वसुलीचा दावाच अडतो. हे बहुतेकांना उधारी बुडाल्यावर कळतं.

बँकेत नॉमिनी लावलाय म्हणून पक्षकार निर्धास्त असतो. नॉमिनी पैसे उचलतो, मालक होत नाही. ठेवींचे खाते क्रमांकही मृत्युपत्रात घे.

मूळ प्रत स्वतःच्या कपाटात ठेवू नकोस. पक्षकाराला घरात भरवसा नसेल तर जिल्हा निबंधकाकडे सीलबंद पाकिटात ठेवता येते. पावती मात्र कुणाकडे आहे, ते निदान एका साक्षीदाराला ठाऊक असू दे.

कळावे.